बिबटे पकडून सोडण्याविषयीं

मुलुंडकडे बिबट्या दिसल्याचें वर्तमान येतांच गोवंडीपर्यंत एकच बोलणें होतें: वनखात्यानेंच बाहेरून आणून सोडला. खातें यास वावडी म्हणतें. पण ती अगदींच निराधार नव्हे. जुन्नर भागांत 2001 पासून उंसांतील बिबटे पकडून दूरच्या रानांत सोडण्यांत आले. तत्पूर्वीं तेथें वर्षास सरासरी 4 माणसांवर हल्ले होत, ते पुढें 17 वर गेले, असें डॉ. विद्या अत्रेय व सहकाऱ्यांनीं 2011 सालीं प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत दिसतें. सोडल्या जागेजवळही हल्ले वाढले. परक्या मुलखांत टाकलेलें जनावर बावरतें व माघारीं फिरूं पाहतें. इकडे रिकाम्या जागीं दुसरें येतें. केंद्र सरकारनेंही 2011 च्या सूचनांत असें स्थलांतर टाळण्यास सांगितलें.

ज्या कामाचा कागद गांवीं येत नाहीं, त्याविषयीं लोक तर्क करणारच. दप्तरांत जन्म घालविलेल्या माणसास हें सांगावें लागत नाहीं. सबब पिंजऱ्यांत जनावर सांपडल्यास त्याचा पंचनामा, अंगांत बसविलेल्या चिपेचा क्रमांक व नेण्याचें ठिकाण यांची नक्कल ग्रामस्थांनीं लेखी अर्ज करून मागावी, आणि अर्जावर पोंच घ्यावी.