मिशीवाली आई

बऱ्यापैकी जम बसलेली वकिली सोडून कुणी लहान मुलांना गोष्टी सांगत बसेल का? सौराष्ट्रातल्या एका वकिलाने नेमके हेच केले.

त्यांचे नाव गिरिजाशंकर बधेका. गुजरात त्यांना गिजुभाई म्हणून ओळखतो. जन्म १५ नोव्हेंबर १८८५चा. पोटापाण्यासाठी १९०७मध्ये ते पूर्व आफ्रिकेत गेले. परतल्यावर मुंबईत कायदा शिकले आणि वढवाणला वकिली करू लागले.

१९१३मध्ये मुलगा झाला आणि वडिलांना घोर लागला, याला शिकवायचे कसे? त्या काळी शाळा म्हणजे छडी आणि घोकंपट्टी. शोधता शोधता मादाम मॉन्टेसरींचे विचार त्यांच्या वाचनात आले. घरच्या मुलाची काळजी हळूहळू साऱ्याच मुलांची झाली. १९१६मध्ये वकिलीला रामराम ठोकून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाले. १९२०मध्ये तिथे बालमंदिर सुरू झाले. मार नाही, धाक नाही. गाणी, खेळ आणि गोष्टी मात्र भरपूर. झुबकेदार मिशांच्या या गुरुजींना लोक कौतुकाने ‘मूछाळी मा’, म्हणजे मिशीवाली आई म्हणू लागले.

मुलांसाठी लोककथा आणि मोठ्यांसाठी शिक्षणावरचे लेखन, असे दोन्ही त्यांनी हातावेगळे केले. लहानमोठी पुस्तके दोनशेच्या घरात भरतात. ‘दिवास्वप्न’ हे त्यांतले सर्वांत गाजलेले. त्यातला हौशी शिक्षक पहिल्याच दिवशी फजीत होतो. तो शांततेचा खेळ घेतो आणि मुले वर्ग डोक्यावर घेतात! दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सुरू करतो आणि तोच वर्ग चिडीचूप होतो. वर्षभरात गोष्टींतूनच वाचनाची गोडी लागते, शिस्तही येते.

मराठी घरातल्या ताराबाई मोडक १९२३मध्ये भावनगरला येऊन त्यांच्या कामात सामील झाल्या. पुढे हेच बालशिक्षण त्यांनी महाराष्ट्रात आणले आणि अनुताई वाघांच्या साथीने बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले.

गिजुभाई २३ जून १९३९ रोजी गेले, अवघ्या त्रेपन्नाव्या वर्षी. आज घरोघरी मुलांच्या गुणांची चिंता आहे. अशा वेळी मुलावर हात उगारण्याआधी आईबाबांनी त्याला जवळ घेऊन एखादी गोष्ट सांगून पाहावी. एका वकिलाने आपले सारे आयुष्य त्यासाठीच तर वेचले!