प्रबंधातील चित्र व चित्रओळ : संगणकीय दस्तऐवजातील स्थाननिश्चितीचा विचार

भाजे व कार्ले येथील चैत्यगृहांची तुलना करणारा एखादा प्रबंध कल्पावा. भाजे येथील स्तंभ साधे, अष्टकोनी व आतील बाजूस कललेले आहेत. कार्ले येथील बहुतेक स्तंभांना घटाकार बैठका असून त्यांच्या शीर्षांवर गजारूढ युगुले कोरलेली आहेत. या दोन छायाचित्रांखालील परिचयाच्या ओळींची अदलाबदल झाली, तर लेखकाचे प्रतिपादन त्याच्याच पुराव्याने खोटे ठरते. ज्याने ही लेणी पाहिली आहेत तो चूक ओळखील. ज्याने पाहिली नाहीत त्याची मात्र दिशाभूल होईल. असा प्रमाद नेहमी अज्ञानातूनच होतो असे नाही. चित्र आणि चित्रओळ यांना दस्तऐवजात परस्परांशी नीट न बांधल्यामुळेही तो होतो.

खिळ्यांच्या छपाईत चित्राचा ठसा व त्याखालील ओळीचे खिळे एकाच चौकटीत आवळले जात. आवळलेले पान आपोआप हलत नसे. संगणकावरील दस्तऐवजात पानाला अशी स्थिरता नाही. एखाद्या परिच्छेदात चार ओळींची भर पडताच पुढील पानांची मांडणी नव्याने ठरते. म्हणून चित्र पानावर कोठे दिसते यापेक्षा ते कशाला बांधलेले आहे, हा प्रश्न अधिक महत्त्वाचा होय.

'वर्ड' या प्रणालीत चित्र ठेवण्याच्या मुख्य रीती दोन. पहिलीत चित्र मजकुराच्या ओळीत बसते. 'इन लाइन विथ टेक्स्ट' हा तो पर्याय. येथे चित्र म्हणजे जणू एक मोठे अक्षरच असते व मजकूर सरकला की तेही त्याच क्रमाने सरकते. दुसऱ्या रीतीत चित्र तरंगते आणि मजकूर त्याच्या भोवतीने, वरखाली अथवा त्याच्या मागून-पुढून जातो. तथापि तरंगणारे चित्रही निराधार नसते. त्याचा नांगर कोणत्या तरी परिच्छेदात रुतलेला असतो आणि तो परिच्छेद ज्या पानावर जाईल त्याच पानावर चित्र जाते.

अनर्थाचे मूळ येथेच आहे. तरंगत्या चित्राला 'इन्सर्ट कॅप्शन' या आज्ञेने ओळ जोडली असता ती ओळ स्वतंत्र मजकूर-चौकटीत येते. मग चित्राचा नांगर एक आणि चौकटीचा दुसरा. हे दोन नांगर भिन्न परिच्छेदांत असले आणि पानाची सीमा त्या दोहोंच्या मधून गेली, की चित्र पुढील पानावर जाते व ओळ मागे राहते. भाजे येथील स्तंभांची ओळ कार्ले येथील स्तंभांखाली येऊन बसणे अशा वेळी अशक्य नसते. तरंगते चित्र ठेवावयाचेच असेल, तर चित्र व चौकट यांचा 'ग्रुप' करावा, म्हणजे दोहोंना एकच नांगर राहील. 'लिबरऑफिस रायटर'मध्ये चित्रओळ जोडताच चित्र व ओळ एकाच चौकटीत घेतली जातात, त्यामुळे हा धोका कमी होतो.

प्रबंधासाठी मात्र पहिली रीतच श्रेयस्कर. चित्र ओळीत, परंतु स्वतःच्या वेगळ्या परिच्छेदात ठेवावे, त्या परिच्छेदास 'कीप विथ नेक्स्ट' हा गुण द्यावा आणि लगेच पुढील परिच्छेदात चित्रओळ घ्यावी. या गुणामुळे पहिला परिच्छेद दुसऱ्यापासून पानाच्या सीमेवर तुटत नाही. कोष्टकाचे शीर्षक वर असते, म्हणून तेथे हा गुण शीर्षकाच्या परिच्छेदास हवा. चित्राच्या परिच्छेदातील ओळींचे अंतर 'एक्झॅक्टली' या पर्यायाने बांधलेले नसावे. तसे असल्यास चित्राची केवळ एक पट्टी दिसते. दोन चित्रे शेजारी हवी असल्यास त्यांना रेघा नसलेल्या कोष्टकात घालावे आणि प्रत्येकाची ओळ त्याच्याच घरात लिहावी.

क्रमांक हाताने लिहू नयेत. 'न्यू लेबल' या सोयीने 'चित्र' ही संज्ञा एकदा तयार केली, की 'इन्सर्ट कॅप्शन' क्रमांक स्वतः देते. मजकुरातील उल्लेख 'क्रॉस-रेफरन्स'ने घालावा. मध्ये नवे चित्र आल्यावर सर्व मजकूर निवडून एफ९ कळ दाबली असता उल्लेखांतील क्रमांकही सुधारतात. 'खालील चित्रात' असे मात्र लिहू नये. चित्र पुढील पानावर गेले की तो उल्लेख असत्य होतो.

या रीतीत एक उणीव आहे. उरलेल्या जागेत चित्र मावले नाही, तर ते ओळीसह पुढील पानावर जाते आणि मागे कोरी जागा राहते. लेखन पूर्ण झाल्यावर चित्र व त्याची ओळ मिळून एक-दोन परिच्छेद पुढे नेल्यास ही जागा भरता येते. उल्लेख क्रमांकाने केलेला असल्याने अर्थास बाध येत नाही. कोरी जागा डोळ्यास खुपते एवढेच. चुकीच्या चित्राखालील ओळ पुराव्यासच बाधक होते. या दोहोंत निवड करावयाची झाल्यास संशोधकाने कोरी जागाच पत्करावी.