अंक गेला, फोटो उरले

जिओचं फोरजी सप्टेंबर २०१६ मध्ये आलं, त्याला दशक होत आलं. या काळात परभणी जिल्ह्याचे जितके फोटो निघाले, तितके त्याआधीच्या साऱ्या इतिहासात निघाले नसतील. तुरत पीर बाबांचा उरूस, गंगाखेडचा गोदाकाठ, मानवतच्या बाजारातला कापूस, येलदरी धरणाचे उघडलेले दरवाजे, सगळं त्याच दिवशी मोबाइलवर येऊन थडकतं. पण पाच वर्षांपूर्वीचा एखादा फोटो शोधायचा, तो कुणी काढला, कोणत्या सालचा, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या फोटोत काय होतं हे पाहायचं म्हटलं, तर हाती काही लागत नाही. फोटो काढणं, मांडणं, पोचवणं एवढं सोपं झालं असताना छायाचित्रांना वाहिलेलं, जिल्ह्याच्या गावातून निघणारं नियतकालिक आपल्याकडे का रुजलं नाही? साधनं नव्हती असं म्हणायला जागा नाही. छापखान्याची गरज संपली तेव्हा संपादकाचीही संपली, असं आपण धरून चाललो. घात तिथं झाला.

आधीचा काळ दोन वाक्यांत आटोपता येतो. छायाचित्रांचा अंक म्हणजे आर्ट पेपर, चार रंगांच्या चार प्लेटा आणि खर्च उचलणारे जाहिरातदार, आणि हे गणित परभणीत जुळणं कठीण होतं. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकानं दिवाळी अंकाची प्रथा पाडल्यापासून मराठी वाचकाला अंकाचं वेड आहे, तरी त्यात छायाचित्राची जागा बहुधा मजकुराच्या कडेला, सोबतीपुरती राहिली.

संधीचा खरा काळ २००४ ते २०१६ चा. फोटो ठेवण्याचं फ्लिकर हे संकेतस्थळ २००४ मध्ये सुरू झालं. त्याच साली सॅन फ्रान्सिस्कोत ‘जेपीजी’ मासिक निघालं. वाचकांनीच पाठवलेले फोटो त्यात छापले जात, पण त्यांना एक विषय असे, निवड असे. पुढे इश्यू हे संकेतस्थळ आलं आणि साधी पीडीएफ चढवली की पानं उलटता येणारा अंक पडद्यावर उभा राहू लागला. २००८ च्या अखेरीस डेव्हिड ॲलन हार्वे या नामवंत छायाचित्रकारानं ‘बर्न’ हे नियतकालिक थेट इंटरनेटवरच काढलं, नव्या छायाचित्रकारांसाठी. मराठीही मागे नव्हती. मायबोली हे संकेतस्थळ १९९६ पासून होतंच, २००८ मध्ये ब्लॉगलेखनातून वेचलेला ‘रेषेवरची अक्षरे’ हा ई-अंक आला, २०१४ मध्ये ‘डिजिटल दिवाळी’. लिपीचा अडसरही याच वर्षांत दूर झाला. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटात जुळवलेलं पान डोळ्यांना देखणं दिसे, पण त्यात ‘परभणी’ हा शब्द शोधला तर सापडत नसे, कारण आत रोमन अक्षरांचे संकेत असत. युनिकोड रुळलं, ‘एक टाइप’सारख्या मुंबईच्या मंडळींनी चांगले देवनागरी फाँट मोफत खुले केले, आणि अंक शोधता येण्याजोगा झाला. कागदाविना, कर्जाविना, एका संगणकावर जिल्ह्याचं छायाचित्र-मासिक निघू शकेल अशी ती वर्षं होती. मराठीत त्या वाटेनं शब्द गेले. फोटो गेले नाहीत.

ते कुठे गेले हे उघड आहे. इन्स्टाग्राम २०१० मध्ये आलं आणि ऑगस्ट २०१५ पर्यंत तिथं फोटो चौकोनातच बसवावा लागे. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीनं फोटो पाठवला की तो आकसतो आणि त्यात दडलेली तारीख, वेळ, ठिकाण गळून पडतं. त्यात स्पर्धांची भर. सुरकुतलेली आजी, पागोट्यातला शेतकरी, कंदिलाच्या उजेडातलं पोर: बक्षिसाला लागणारी ही चित्रं मराठवाड्यात वर्षानुवर्षं काढली गेली आणि त्यांतल्या माणसांची नावं कुणी लिहिली नाहीत. संपादक असता तर त्यानं पहिला प्रश्न नावाचाच केला असता. सेलू तालुक्यातल्या वालूरची बारव घ्या. गोल फिरत खाली उतरणाऱ्या पायऱ्यांचा तिचा वरून घेतलेला फोटो आज अनेकांनी पाहिलेला असतो. पण २०२१ मध्ये गावकऱ्यांनी ती उपसून मोकळी केली. गाळानं बुजलेलं तोंड, घमेल्यांची रांग, पहिली उघडी पडलेली पायरी, मग पाणी, असा क्रम लावला तर गोष्ट होते. तो वरचा सुटा फोटो देखणा आहे, पण त्यातून श्रम दिसत नाहीत.

यावर एक आक्षेप हमखास येतो: संपादक म्हणजे पुण्या-मुंबईचा दरवान, तो गेला हे बरंच झालं. यात तथ्य आहे. परभणीचा फोटो शहरात बसलेल्यांनी निवडायचा, आणि तोही दुष्काळ पडला तरच, ही जुनी रीत अन्यायाचीच होती. पण त्यावर उपाय परभणीतच संपादक उभा करणं हा होता. तो न करता आपण निवड एका यंत्राच्या हवाली केली, ज्याला जिंतूर आणि जपान सारखंच. दुसरा आक्षेप, लांबलचक चित्रकथा आता पाहतो कोण? २० डिसेंबर २०१४ पासून चाललेलं ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं संकेतस्थळ त्याला उत्तर आहे. माणसाचं नाव, गाव, तालुका यांसह फोटो तिथं मराठीतही वाचायला मिळतात. तिसरा आक्षेप मात्र मला निरुत्तर करण्याइतका वजनदार वाटतो, की पडद्यावरचे अंकही टिकले नाहीत. पानं उलटणारे कितीतरी अंक फ्लॅश या तंत्रावर बांधलेले होते आणि अडोबीनं ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅशचा आधार काढून घेतला. फ्लिकरनं २०१८ मध्ये मोफत खात्यांना हजार फोटोंची मर्यादा जाहीर केली. हे मान्य करूनच पुढं जायला हवं: सोपं साधन दुसऱ्याच्या मालकीचं असतं. म्हणून अंकाची मूळ पीडीएफ आपल्याकडे, एक प्रत इंटरनेट अर्काइव्हवर आणि एक गावच्या वाचनालयात, एवढी शिस्त लागते. तिला पैसे लागत नाहीत.

पूर्णा, पाथरी, सेलू, जिंतूर, कुठंही चार फोटोग्राफर आणि एक निष्ठुर संपादक जमले तर वर्षाला दोन अंक निघतील. प्रत्येक फोटोखाली नाव, गाव, तारीख असावी. पहिल्या अंकासाठी सोनपेठ-पालमहून ऊसतोडीला निघणाऱ्या कुटुंबांचा विषय घ्या, आणि यंदाच्या हंगामातच घ्या.