डुक्कर नेमकं कुणाचं?

रानडुक्कर काय चीज आहे ते निपाणीकडच्या ऊसवाल्यांना विचारा. एका रात्रीत फडाची पार वाट लावतं! खानापूरच्या भीमगड अभयारण्याजवळ राहणाऱ्या पोरांनी तर ते डोळ्यांनी पाहिलंही असेल. अशाच एका डुकरावरून खुद्द महादेव आणि अर्जुन यांची जुंपली होती, माहीत आहे?

गोष्ट महाभारतातली. अर्जुन तप करत होता. मूक नावाचा दानव डुकराचं रूप घेऊन त्याच्यावर धावून आला. अर्जुनाने बाण सोडला, आणि त्याच क्षणी एका किरातानं, म्हणजे रानातल्या शिकाऱ्यानंही सोडला. डुक्कर पडलं. "शिकार माझी!" "छे, माझी!" झालं, भांडण सुरू. तो किरात म्हणजे वेष पालटलेला शंकर, हे अर्जुनाच्या गावीही नव्हतं.

ही शिकार रंगवलेली आहे लेपाक्षीच्या वीरभद्र मंदिरात. बेंगळुरूच्या उत्तरेला, हद्द ओलांडून आंध्रात गेलं की हे गाव लागतं. विरूपण्णा आणि वीरण्णा या भावांनी १५३०च्या सुमारास, विजयनगरच्या काळात, ते मंदिर उभं केलं. चित्रं छतावर आहेत. बघता बघता मान अवघडते, पण बघावंच.

आता चित्रकाराची पंचाईत बघा. अर्जुनानं शंकराला ओळखायचं नाही, पण आपण मात्र ओळखायला हवं! मग अशा चित्रांत खुणा पेरतात. किराताच्या कपाळावर तिसरा डोळा आहे का? केसांत चंद्रकोर? शेजारी पार्वती? म्हणजे चित्र बघणाऱ्याला अर्जुनापेक्षा जास्त कळतं. मला तर यातच खरी गंमत वाटते. आणि एकाच पट्टीत दोन-तीन अर्जुन दिसले तर गोंधळू नका. ते जुळे भाऊ नव्हेत, तोच अर्जुन गोष्टीत पुढे सरकलेला असतो.

डुकराची पाठही सोडू नका. मानेपासून पाठीवर राठ केसांची रांग असते आणि डुक्कर चिडलं की ती ताठ उभी राहते. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक इवलासा स्नायू असतो. तो आखडला की केस उठतो. थंडीत किंवा भीतीनं आपल्या अंगावर काटा येतो ना, तेव्हा आपलेही हेच स्नायू आखडतात! फक्त आपले केस इतके बारीक, की त्यांना बघून कुणी घाबरत नाही. नराचे खालचे सुळे तर जन्मभर वाढतात आणि वरच्या सुळ्यांवर घासून धारदार राहतात.

लेपाक्षी लांब पडते? मग शाळेची सहल बदामीकडे निघेल तेव्हा पट्टदकल्लच्या पापनाथ मंदिराला बाहेरून एक चक्कर मारा. तिथे किरात आणि अर्जुन दगडात कोरलेले आहेत. जवळच ऐहोळेला ६३४ सालचा शिलालेख आहे, त्यात भारवीचं नाव आहे. याच भांडणावर 'किरातार्जुनीय' हे अख्खं महाकाव्य लिहिणारा कवी तो! आणि हो, भांडणाचा शेवट मारामारीत झाला आणि अर्जुन हरला. पण त्याची हिंमत बघून शंकर इतका खूश झाला, की त्यानं पाशुपतास्त्रच देऊन टाकलं.