समुद्रापलीकडचें लेंकरूं

दत्तक म्हटलें कीं आपल्याकडे वंश, वतन आणि श्राद्धपक्ष डोळ्यांपुढें येतात. परंतु घरासाठीं मूल शोधणें निराळें आणि मुलासाठीं घर शोधणें निराळें.

अमेरिकेंतील ओरेगॉन संस्थानांत हॅरी व बर्था होल्ट हें धर्मशील शेतकरी जोडपें राहत असे. पदरीं स्वतःचीं सहा मुलें होतीं. कोरियांतील युद्धानें निराधार झालेल्या मुलांचा चित्रपट त्यांनीं १९५४ सालीं पाहिला. त्यांतलीं कित्येक कोरियन माता व परदेशी सैनिक यांचीं. त्यांना तेथें कोणी जवळ करीना. अशीं आठ मुलें आणावयाचीं असें दोघांनीं ठरविलें. कायदा मात्र एका कुटुंबास दोहोंचीच परवानगी देई! शेवटीं काँग्रेसनें त्यांच्याकरितां १९५५ सालीं खास कायदा केला, आणि त्याच वर्षीं आठही लेंकरें घरीं आलीं.

पुढें त्यांनीं इतर कुटुंबांसाठींही हें कार्य आरंभिलें. दुसऱ्या संस्थाही निघाल्या, आणि एक लाखाहून अधिक कोरियन मुलें परदेशीं गेलीं. होल्ट दांपत्याची कळकळ निर्मळ होती याविषयीं मला शंका नाहीं. पण पुढें या कामांत कागदपत्रांचा खरेपणा राहिला नाहीं. आईबाप हयात असतांना कित्येक मुलांची नोंद अनाथ म्हणून झाली, असें कोरियाच्या सत्यशोधन आयोगानें २०२५ सालीं जाहीर केलें. त्यांपैकीं कांहींजण आतां प्रौढ वयांत सोलला जाऊन आपल्या मातेचा शोध करितात.

१९९३ च्या हेग कराराप्रमाणें मुलाला प्रथम स्वदेशांतच घर मिळतें कीं काय हें पाहावें लागतें, जन्मदात्यांची संमति पैसे देऊन मिळविलेली नाहीं याची खात्री करावी लागते, आणि मुलाच्या जन्माची माहिती जपून ठेवावी लागते. भारतानें हा करार २००३ सालीं मान्य केला.