न दुखणारे पाऊल

वेदना नाही म्हणजे रोग नाही, असा एक समज सर्वत्र आढळतो. पायांच्या बाबतीत तो घातक ठरतो. तळपायात काटा मोडला तरी कळत नाही, चालताना चप्पल गळून पडली तरी ध्यानात येत नाही, आणि अखेर जखम चिघळल्यावरच रुग्ण दवाखान्याची वाट धरतो.

बराच वेळ मांडी घालून बसल्यास पायाला मुंग्या येतात व थोडे चालताच त्या जातात. त्यात चिंतेचे कारण नाही. बधिरता टिकून राहिली, तर मात्र मूळ शोधले पाहिजे. मधुमेह हे तिचे आज मोठेच कारण होय. पावलांकडे जाणारे मज्जातंतू सर्वांत लांब असल्याने वाढलेल्या साखरेची झळ त्यांना प्रथम पोचते. म्हणून ही बधिरता दोन्ही पावलांत सुरू होऊन वर सरकते. ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव, अतिमद्यपान, मणक्यांमधील चकती सरकणे ही आणखी काही कारणे. एकाच बाजूचा हात-पाय अकस्मात बधिर होऊन वाचा अडखळली, तर तो पक्षाघात समजून क्षणाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठावे.

ग्रामीण कार्यकर्त्यांनी विशेष ध्यानात ठेवावा तो कुष्ठरोग. डिसेंबर २००५ मध्ये देशपातळीवर त्याचे प्रमाण दर दहा हजारांमागे एकाहून खाली आले. तथापि नवे रुग्ण आजही आढळतात. फिकट वा लालसर, न खाजणारा, स्पर्श न कळणारा चट्टा ही त्याची खूण. १९८२ पासून जगभर रूढ झालेली बहुविध औषधोपचार पद्धती प्राथमिक आरोग्य केंद्रात विनामूल्य उपलब्ध असून सहा किंवा बारा महिन्यांत रोग बरा होतो. मात्र मज्जातंतूंची हानी जुनी असल्यास गेलेली संवेदना सहसा परतत नाही. लोकलाजेने लपविलेला चट्टा महाग पडतो तो येथेच. बोटे झडतात ती रोगाने, हा जुना समजही खरा नव्हे. न कळलेल्या जखमांनी ती झिजतात, हे वेल्लोर येथे डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले.

बधिर पावलाची निगा कारण कोणतेही असो, जवळजवळ सारखीच. रोज रात्री तळपाय आरशात पाहावे, पाण्याची ऊन हाताच्या कोपराने अजमावावी, भोवरी घरी पात्याने कापू नये. मऊ रबरी तळाची, मागे पट्टा असलेली चप्पल घरातही वापरावी. देवळाच्या तापलेल्या फरशीवर भर दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घालून तळपाय भाजून घेणारे मधुमेही काही थोडे नाहीत; त्यांनी दर्शनाला सकाळी जावे.