साठीला काम सोडावं का? थोडा हिशेब, थोडा विचार



हल्ली लग्नात, मालिदाला, सिनेगॉगच्या ओट्यावर एक प्रश्न हमखास निघतो: "६० झाली, आता पेन्सिया घेऊ का?" आपण बहुतेक जण सत्तरीच्या पुढचे. आपला निर्णय होऊन गेला. पण आपली धाकटी भावंडं, पुतणे, मुली आता साठीला टेकल्या आहेत आणि विचारायला आपल्याकडेच येतात. माझा धाकटा भाऊ ६१ वर्षांचा आहे. अश्दोदला वेल्डिंगचं काम करतो, गुडघे गेलेत. "ताई, सोडून देतो सगळं," म्हणाला. गेले तीन महिने आम्ही दोघं कागद घेऊन बसतोय. त्यातून जे समजलं ते इथे लिहिते. तुमच्या घरात कोणी विचारलं तर उपयोगी पडेल.

आपल्या डोक्यात अजून मुंबईचंच वय बसलंय. महाराष्ट्र सरकारच्या नोकरीत ५८ ला निवृत्ती, फंड हातात, की झालं. इथे हिशेब वेगळा आहे. २००४ च्या कायद्याप्रमाणे पुरुषाचं निवृत्तीचं वय ६७. बायकांचं ६२ होतं, ते २०२२ पासून हळूहळू वाढतंय. १९७० किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाईला ६५ लागू होईल. मात्र वय झालं म्हणून मालक जबरदस्तीने घरी बसवू शकतो ते ६७ लाच, मग बाई असो वा पुरुष. बऱ्याच बायकांना हे ठाऊक नसतं. ६२ झाली म्हणून त्या स्वतःच उठून येतात.

मग ६० हा आकडा कुठून आला? पेन्शनच्या फंडातून, म्हणजे केरेन पेन्सियातून, ६० पासून महिन्याची रक्कम सुरू करता येते. पण लवकर घेतली तर कमी मिळते. जमा रकमेला एका आकड्याने भागतात, त्याला मेकादेम म्हणतात. वय कमी असलं की मेकादेम मोठा, कारण पैसे जास्त वर्षं पुरवायचे असतात. उदाहरण घेऊ, आकडे फक्त समजण्यापुरते. फंडात ८,००,००० शेकेल आहेत. ६० ला मेकादेम २२५ धरला तर महिन्याला सुमारे ३,५५५ शेकेल. आता तोच माणूस ६७ पर्यंत राहिला, पगार ९,००० आहे. कामगाराचे ६ टक्के, मालकाचे ६.५ आणि पित्सुईमचे ६, असे किमान १८.५ टक्के दर महिन्याला जमा होतात. सात वर्षांत व्याज न धरताही जवळजवळ १,४०,००० वाढले. मेकादेम २०० धरला तर महिन्याला सुमारे ४,७०० शेकेल. फरक हजाराच्या वर, आणि तो जन्मभराचा. एकदा सुरू केलेली पेन्शन सहसा मागे फिरवता येत नाही. म्हणून सही करायची घाई नको.

दुसरी बाजू बितुआह लेउमीची. नोकरी सोडली म्हणून त्यांची वर्गणी थांबत नाही. निवृत्तीच्या वयाआधी घेतलेल्या पेन्शनमधूनही ती कापली जाते, आणि काहीच उत्पन्न नसलं तरी किमान वर्गणी भरावी लागते. लग्न झालेल्या गृहिणीचा नियम वेगळा आहे. ही वर्षं वाया घालवू नयेत, कारण पहिली दहा वर्षं सोडून पुढच्या प्रत्येक विमा-वर्षाला म्हाताऱ्यांच्या भत्त्यात २ टक्के वाढ मिळते, जास्तीत जास्त ५० टक्के. निवृत्तीच्या वयानंतरही काम चालू ठेवलं आणि पगार ठरावीक मर्यादेच्या वर असला, तर ७० पर्यंत भत्ता कमी होतो किंवा मिळत नाही. पण पूर्ण भत्ता लांबला तर प्रत्येक वर्षामागे ५ टक्के वाढ धरतात. ७० नंतर पगार किती ते कोणी बघत नाही.

तब्येतीमुळे सोडणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. आपण होऊन राजीनामा दिला तर एरवी पित्सुईमचा हक्क जाऊ शकतो. आजारपणामुळे काम सोडणं भाग पडलं तर कायदा ते काढून टाकल्यासारखंच धरतो. त्यासाठी डॉक्टरचा कागद राजीनाम्याच्या आधी हवा, नंतर नव्हे. मालकालाही आधी सांगून विचारावं, "याच जागी मला दुसरं हलकं काम आहे का?"

हे विचारायला गेलो आणि आमच्या बोलण्याची दिशाच बदलली. मी भावाला म्हटलं, "तुला नक्की काय सोडायचंय? काम, की वाकून बसणं, की पहाटे साडेचारला उठणं?" तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "लोखंड मला आवडतं गं. उचलायचं होत नाही."

मला लेवींची आठवण झाली. गणनाच्या आठव्या अध्यायात लेवींना पन्नाशीला सेवेतून मोकळं करायला सांगितलंय, पण भावांना मदत करत राहायचं असंही तिथेच आहे. रब्बी राशींनी खुलासा केलाय की थांबतं ते खांद्यावरचं ओझं. दारं लावणं, गाणं, गाड्यांत सामान भरणं ही कामं लेवी पुढेही करतो. म्हणजे "काम की आराम" एवढाच प्रश्न नाही. कामातला कोणता भाग खाली ठेवायचा आणि कोणता हातात ठेवायचा, हे ठरवायचं.

मी नर्स होते. ६२ ला रात्रपाळी सोडली, काम नाही सोडलं. आठवड्यात तीन सकाळी कुपात होलिममध्ये इंजेक्शनं, ड्रेसिंग. पगार अर्ध्याहून कमी झाला, पण झोप परत आली. ७० नंतर तेही थांबवलं. आता याद सारामध्ये आठवड्यातून दोनदा जाते. व्हीलचेअर, कुबड्या उसन्या द्यायच्या. कोणी म्हातारी हिब्रूत अडखळली की मराठीत समजावते. पैसे नाहीत, पण मंगळवारी मला कुठेतरी जायचं असतं. आपल्या वयाला ही लहान गोष्ट नाही.

तरी एक सांगायलाच हवं. "आवडीचं काम करा" हे सगळ्यांना म्हणता येत नाही. इथे नोकरदारांसाठी पेन्शन सक्तीची झाली २००८ मध्ये. त्याआधी आपल्या कितीतरी बायकांनी कापडाच्या कारखान्यात, साफसफाईत वर्षं काढली, आणि त्यातल्या बऱ्याच जणींच्या नावावर फंड नाही. त्यांना साठीनंतरचं काम म्हणजे वीजबिल. अशा बाईला उपदेश करू नये. तिच्यासोबत बितुआह लेउमीत जावं आणि निवृत्तीच्या वयानंतर हश्लामत हाख्नासा मिळेल का ते विचारावं. ती रक्कम मिळत असेल तर नवीन काम धरण्याआधी तिच्यावर काय फरक पडेल तेही विचारावं.

आणि ज्यांचं शरीर खरंच थकलंय, पैसे पुरतायत, त्यांनी ६० ला घरी बसावं. त्यात लाज कसली? नातवंडांना शाळेतून आणणं, आजारी नवऱ्याचं करणं, हेही कामच आहे, फक्त त्याची पगारपत्रिका निघत नाही.

कोणी विचारायला आलं तर मी आता चार गोष्टी विचारते. फंडाकडून ६० ची आणि ६७ ची, दोन्ही रकमा लेखी आणल्यास का? घरातल्या दुसऱ्या माणसाचं मत घेतलंस का? नेमकं काय सोसवत नाही? आणि सोडल्यावर रविवारी सकाळी नऊ वाजता तू कुठे असशील? शेवटच्या प्रश्नाला पटकन उत्तर आलं तर समजावं, माणूस तयार आहे.

भावाच्या मालकाने नवीन मुलांना शिकवायचं काम देऊ केलंय, अर्धा दिवस, पगार कमी. पेसाहपर्यंत करून बघतो म्हणतोय. पेन्शनचा कागद तोवर कपाटात ठेवलाय, सही न करता.